कृतीतली लोकर मिळाली नाही, तर?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. चकली मऊ का पडली हे विचारणाऱ्या भगिनी आता बाहीला लोकर का पुरली नाही, गळा ढगळ का झाला, असे विचारू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी एक जरा विस्ताराने घेते, कारण त्यातली अडचण पुष्कळजणींची आहे.

आईच्या वहीत जपून ठेवलेले जुन्या मासिकातले एक कात्रण काढून या भगिनी सासऱ्यांसाठी पूर्ण बाहीचा स्वेटर विणायला बसल्या. सासरे राहतात निफाडला. तिथली थंडी काय सांगावी! जानेवारीत त्यांची पंचाहत्तरी आहे. कात्रणात लिहिले होते : 4 प्लाय लोकर 12 औंस, 10 नंबरच्या सुया, पाठीला 140 टाके. दुकानदार म्हणाला, "तसली लोकर हल्ली येत नाही, ही न्या, हीच चालते." यांनी नेली. पाठ विणून झाली आणि पलंगावर पसरली, तर 20 इंच भरायची ती सव्वातेवीस इंचांहून थोडी जास्तच भरली. "आता उसवायचं अगदी जिवावर येतंय. गरम पाण्यात धुतली तर आटून मापात बसेल का?" असे त्या विचारतात.

नाही बसणार. पत्रासोबत त्यांनी लोकरीचा तुकडा पाठवला, हे फार चांगले केले. चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून तो जाळून पाहिला. वितळला आणि टोकाला काळी, टणक गोळी झाली. म्हणजे ही मेंढीची लोकर नव्हे, ॲक्रिलिक आहे. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेली की ती आपण होऊन विझते, आणि राख बोटांनी चुरली जाते. 1970–80 च्या सुमारास घरोघर जिला 'कॅशमिलॉन' म्हणत ती हीच जात. दुकानात आपण सगळ्यालाच 'लोकर' म्हणतो, तिथेच निम्मा घोटाळा होतो.

ॲक्रिलिक गरम पाण्यात आटत नाही. उलट सैल पडते, लोंबते. बरे, खरी लोकर असती तरी हा उपाय मी सांगितला नसता. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे, दोन्ही मिळाले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड घोंगडीसारखे घट्ट बसते. ते कुठे किती बसेल यावर आपला ताबा नसतो. रुंदी मापात येईतो लांबी कमरेच्या वर जायची. आणि एकदा बसलेली लोकर पुन्हा सुटत नाही.

तेव्हा उसवायचेच. मात्र उसवण्याआधी या पाठीकडून दोन हिशेब करून घ्या.

पहिला टाक्यांचा. कात्रणातले 140 टाके 20 इंचांत बसायचे, म्हणजे इंचाला 7 टाके. यांच्या विणीत, या लोकरीने, इंचाला 6 बसले. फरक एकाच टाक्याचा. पण पाठपोट मिळून 40 इंचांचा स्वेटर जवळजवळ 47 इंचांचा झाला असता. उपाय त्याच गणितात आहे : 20 इंच गुणिले 6, म्हणजे 120 टाके घाला. वेलबुट्टीची किंवा दोराची वीण असेल, तर तिच्या टाक्यांच्या पटीत बसेल असा जवळचा आकडा घ्या. कृतीत चार-पाच मापे दिलेली असतील तर आणखी सोपे. ज्या लहान मापाचे टाके 120 च्या जवळ येतात, त्या मापाचे मुंढ्याचे आणि गळ्याचे आकडे घ्यायचे आणि लांबी मात्र सासऱ्यांच्या मापाने, ओळी न मोजता, टेपने मोजून ठेवायची.

हे सगळे पाठ विणून होण्याआधी कळावे म्हणून तर चौकोन विणून पाहायचा असतो. तो पुष्कळजणी टाळतात, किंवा दोन इंचांची चिंधी विणून भागवतात. चौकोन निदान 6 इंचांचा हवा. कडेचे टाके ओढलेले असतात म्हणून मधलेच 4 इंच मोजावेत. आणि तो धुऊन, वाळवून मग मोजावा, कारण स्वेटर धुतला जाणारच आहे. यंत्रात धुता येते अशी प्रक्रिया केलेली लोकर मिळते. तिचे खवले निष्प्रभ केलेले असल्याने ती आटत नाही, पण ओली झाली की पसरते. न धुता मोजलेला तिचा चौकोन हमखास फसवतो.

दुसरा हिशेब लोकर किती लागेल याचा. समजा, 140 टाक्यांच्या पाठीला साडेतीन गुंडे लागले. तर 120 टाक्यांना 3 लागतील. पुढची बाजू साधारण तेवढीच घेते आणि दोन बाह्या मिळून आणखी तेवढीच. म्हणून पाठीच्या तिप्पट, म्हणजे 9, वर बॉर्डर-गळ्यासाठी आणि हाताशी असावेत म्हणून 2. सगळे गुंडे एकदमच आणा आणि पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन लॉट उन्हात वेगळे दिसतात. नाइलाजाने दोन लॉट आलेच, तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या असे आलटूनपालटून विणावे; मधोमध पट्टा उठत नाही.

नवी कृती घेऊन सुरुवातच करायची असेल, तर वजनावर जाऊ नका, लांबीवर जा. समजा, कृतीत 50 ग्रॅमचे 8 गुंडे आहेत आणि एका गुंड्यात 120 मीटर लोकर आहे. म्हणजे लागणार 960 मीटर. तुम्ही त्याच जाडीचे सुती सूत घेतले आणि त्याच्या 50 ग्रॅममध्ये 100 मीटरच भरले, तर 10 गुंडे लागतील. 'तेही 400 ग्रॅम, हेही 400 ग्रॅम' म्हणून 8 आणले, तर 160 मीटर कमी पडतील. जवळजवळ एक अख्खी बाही! सूत लोकरीहून जड, ॲक्रिलिक लोकरीहून हलके, म्हणून एकाच वजनात लांबी निरनिराळी भरते. जुन्या कात्रणांतला औंस म्हणजे 28 ग्रॅमहून थोडा अधिक. 12 औंस म्हणजे 340 ग्रॅम. पण तो आकडा त्या काळच्या त्या लोकरीचा. आजच्या गुंड्याला तो लावून उपयोग नाही.

'प्लाय' या शब्दावरही फार विसंबू नये. धाग्याला पदर किती, एवढेच तो शब्द सांगतो. प्रत्येक पदर किती जाड हे सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कृतीत जिला 8 प्लाय म्हणतात, ती इंग्लंडच्या कृतीत डबल निटिंग असते. सुयांचे नंबर तर त्याहून फसवे. आपल्या घरातल्या सुयांवर बहुधा जुने इंग्रजी नंबर असतात. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेच्या पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, त्यांची 8 नंबर म्हणजे 5. आपली 10 नंबर सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची 6 मिलिमीटरची! मोबाइलवर पाहून विणणाऱ्या मुलींनी आधी मिलिमीटर पाहावेत, मग सुया हाती घ्याव्यात.

आता धाग्याच्या स्वभावाविषयी. माप जुळले, लांबी जुळली, तरी लोकरीच्या जागी सूत घातले की स्वेटर तोच राहत नाही. लोकरीला ताण आहे; एक सुलट एक उलट विणलेली बॉर्डर ओढली तरी मागे येते. सुताला ताण नाही. सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि मनगटाची बॉर्डर महिन्याभरात हात पसरते. सुतासाठी बॉर्डरला दोन नंबर बारीक सुई घ्यावी आणि लांबी इंचभर कमी ठेवावी. मुंबई-कोकणातल्या हवेला सुती जाकीट पुरते, निफाडला नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण अंगालगतच्या स्वेटरला नको, फार बोचते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणखी एक सुचवते. उसवतेच आहात, तर डोक्यातून घालायचा स्वेटर करूच नका. पंचाहत्तरीच्या माणसाला थंडीत हात वर करून, मान आत घालून स्वेटर चढवणे जड जाते. पुढून बटणांचा करा. पाठ 120 टाक्यांची, पुढचे दोन भाग 56-56 टाक्यांचे. राहिलेल्या 8 टाक्यांची जागा सव्वा इंचाची बटणपट्टी भरून काढते. बटणे मोठी, चपटी घ्या. म्हाताऱ्या बोटांना धरायला सोपी. गुंडा मात्र एक जास्त लागेल. जानेवारीला अजून अवकाश आहे, घाई नको.

तान्ह्या बाळासाठी विणणाऱ्या आजीबाईंनाही दोन शब्द. केसाळ, फुललेली लोकर नको. तंतू तोंडात जातात. गळ्याला ओढायची दोरी किंवा रिबन नको; खांद्यावर एखादे बटण घट्ट शिवून द्यावे. आणि डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत मुळीच घालू नका. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. ती बाहेरून दिसत नाही. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते आणि जिवावर बेतू शकते. थोरल्याचे जपून ठेवलेले टोपडे-स्वेटर धाकट्याला घालण्याची आपली रीत चांगलीच आहे; पण ते या गोळ्यांत राहिलेले असतील, तर आधी धुऊन, वास पार जाईपर्यंत कित्येक दिवस वाऱ्यावर ठेवावेत. शंका असेल तर सरळ बाजूला काढावेत.

मग कसर लागू नये म्हणून करायचे काय? कसर लागते म्हणजे पतंगाची अळी लोकर खाते, आणि तिला घामाचा, दुधाचा, आमटीचा डाग लागलेली लोकर अधिक आवडते. म्हणून थंडी सरली की 'दोनदाच तर घातला होता' म्हणून न धुता स्वेटर ट्रंकेत टाकू नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, माझी ना नाही, पण मळक्या स्वेटरला तो वाचवत नाही. धुतलेला, खडखडीत वाळलेला स्वेटर जुन्या मऊ धोतरात किंवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवावा. हँगरला टांगू नये, खांद्याला शिंगे येतात. पावसाळा संपला की काढून, झटकून, उलटा करून शिवणी पाहाव्यात. कसर दिसलीच, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. कप्पा पुरेसा थंड असेल तर अळीही मरते, अंडीही.

धुणे फार अवघड नाही. हाताला गरमही लागू नये, गारही लागू नये, इतपत पाणी. त्यात रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारा द्रव साबण. कपडे धुण्याची वडी किंवा सोडा नको. लोकर आपल्या केसांच्याच जातीची, खाराने ती झिजते. पंधरा मिनिटे भिजवून हलक्या हाताने दाबावे, चोळू नये. खळबळायचे पाणीही पहिल्याइतकेच कोमट हवे. कोमटातून एकदम नळाच्या गार पाण्यात टाकू नये. ओला स्वेटर बाहीला धरून उचलू नका. दोन्ही हातांत खालून घ्या. पिळण्याऐवजी जाड पंचात गुंडाळून दाबा आणि सावलीत बाजेवर किंवा चटईवर मापात पसरून वाळवा.

ॲक्रिलिकला धुण्याचे एवढे सोपस्कार नाहीत, पण त्याला इस्त्री दाखवू नका. इस्त्रीची वाफ लागली की त्याचा ताण कायमचा जातो. बॉर्डर पसरते ती पसरतेच. सासऱ्यांचा स्वेटर इस्त्रीवाल्याकडे जाणार असेल, तर तेवढे घरच्यांना आधी सांगून ठेवा. शेगडीशी, शेकोटीशी बसतानाही तो अंगात नसलेला बरा. ठिणगी पडली की ॲक्रिलिक पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते. घरात खरी लोकर मिळण्यासारखी असेल, तर शेकोटीवर बसणाऱ्या माणसासाठी मी तीच घेईन, महाग असली तरी.

स्वेटर पुरा झाला की उरलेल्या लोकरीची लहान लडी आणि गुंड्यावरची कागदी पट्टी एका पाकिटात घालून वहीत ठेवा. त्यावर सुयांचा नंबर, टाके आणि गुंडे किती लागले ते लिहा. लडी मात्र तशीच नवी ठेवू नका. स्वेटर धुवाल तेव्हा तिलाही धुवा. कोपर झिजले की रफू करायला घ्याल, तेव्हा रंग जुळेल.