‘विंटर एग’चा विक्रम आणि लिलावाबाहेरचा रशिया

लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात २ डिसेंबर २०२५ रोजी फॅबर्जे पेढीचे ‘विंटर एग’ सुमारे २ कोटी २९ लाख पौंडांना, म्हणजे जवळपास २७० कोटी रुपयांना विकले गेले. फॅबर्जेच्या कलाकृतीला लिलावात मिळालेली ही आजवरची सर्वोच्च किंमत ठरली.

झार दुसरा निकोलस याने १९१३ च्या ईस्टरला आई मारिया फ्योदोरोव्हना हिला हे अंडे भेट दिले होते. स्फटिकाचे पारदर्शक कवच, त्यावर प्लॅटिनम व हिऱ्यांत साकारलेले हिमकण आणि आत पांढऱ्या क्वार्ट्झच्या वासंतिक फुलांची परडी, अशी त्याची रचना आहे. हिऱ्यांची संख्या साडेचार हजारांच्या घरात जाते. तरीही रेखाटनकार अल्मा पिल हिला खिडकीच्या काचेवर गोठलेल्या दवातून सुचलेली कल्पना त्या हिऱ्यांहून मोलाची म्हणावी लागेल.

क्रांतीनंतर राजघराण्याची संपत्ती सरकारजमा झाली आणि परकीय चलनासाठी सोव्हिएत राजवटीने तिची विक्री आरंभिली. लंडनच्या वॉर्ट्स्की या जवाहिऱ्यांच्या पेढीला हे अंडे अवघ्या ४५० पौंडांत मिळाले. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचेच ९६ लाख डॉलर आले.

राजघराण्यासाठी घडवलेल्या ५० अंड्यांपैकी ४३ आज ज्ञात असून त्यांतील मोजकीच खासगी मालकीची आहेत. मात्र या दुर्मीळतेने विक्रमाचा पूर्ण उलगडा होत नाही. २००४ मध्ये रशियन उद्योगपती व्हिक्टर वेक्सेलबर्ग यांनी अमेरिकेतील फोर्ब्स कुटुंबाकडून नऊ शाही अंडी एकगठ्ठा विकत घेतली, तेव्हा या बाजाराला बळ होते ते रशियन पैशाचे. युक्रेन युद्धानंतर ब्रिटनने वेक्सेलबर्ग यांच्यावर निर्बंध लादले, रशियाला होणारी चैनीच्या वस्तूंची निर्यातही रोखली. त्या पैशाला लंडनचे दार बंद असतानाही किंमत चढली. रशियाचा हा वारसा आता रशियन ग्राहकावर अवलंबून राहिलेला नाही, असाच याचा अर्थ होतो. मॉस्कोला त्यावर हक्क सांगणेही अवघड आहे. विक्री तिथल्याच सरकारने केली होती.

अधिक चिंतेची बाब वेगळी आहे. १९७५ नंतर जवळपास वीस वर्षे या अंड्याचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता. क्रेमलिनच्या संग्रहालयातील दहा अंडी निदान मॉस्कोत पाहता येतात. ‘विंटर एग’ पुन्हा लोकांसमोर येणार की तिजोरीत जाणार, हे आता सर्वस्वी नव्या मालकाच्या मर्जीवर आहे.