सुट्टीतली लेकरं आणि सभेतले बाप

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद आणि कोर्टही बंद. त्यामुळे वर्षातून एकदा असे काही दिवस येतात की आमच्यासारखा वकील माणूस सलग घरात सापडतो. एरवी सकाळी पक्षकार, दुपारी सिव्हिल लाईन्समधले कोर्ट आणि संध्याकाळी बैठक. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधीपासून दीक्षाभूमीवरच्या भोजनदानाची जुळवाजुळव सुरू होते. त्यातून उसंत मिळते न मिळते तोच ७ नोव्हेंबर येतो, मग २६ नोव्हेंबर, मग ६ डिसेंबरसाठी चैत्यभूमीला जाणाऱ्या गाडीतली जागा, आणि पाठोपाठ विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावरचे मोर्चे. नागपूरच्या आंबेडकरी कार्यकर्त्याचा हिवाळा असा जातो. अंगणातल्या उन्हात बसून मुलांना संत्रे सोलून देणारा कार्यकर्ता मला तरी फारसा दिसलेला नाही.

या सुट्टीत चौथ्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीने जवळ येऊन कपाळाला हात लावला आणि विचारले, "बाबा, तुम्हाला बरं नाही का?"

मी म्हटले, "बरा आहे. का गं?"

"मग घरी कसे?"

घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण हसून झाल्यावर ते वाक्य जे घशात अडकले ते आजतागायत गेलेले नाही. ज्या बापाचे घरी असणे हे आजारपणाचे लक्षण वाटते, त्या बापाने समाजाला काय काय दिले याचा हिशेब त्याने खुशाल मांडावा. मुलांच्या वहीत त्याची नोंद वेगळी होत असते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुसरा प्रसंग घडला. आमची वस्ती बौद्धांची असली तरी रस्त्याच्या पलीकडे सगळे सण होतात. चार वर्षांचा धाकटा फुलझडीसाठी पाय आपटून रडत होता आणि मुलगी दारात उभी राहून समोरच्या पणत्या मोजत होती. तिने विचारले, आपल्याकडे का नाही? हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात दर वर्षी येतो. उत्तर देण्याच्या तीन पद्धती मी पाहिल्या आहेत. एक, मुलाला दटावून आत नेणे. दोन, "जाऊ द्या, लेकरांसाठी एवढं काय" म्हणत आकाशकंदील लावून टाकणे आणि वर निळा कागद चिकटवणे. तिसरी पद्धत गेल्या काही वर्षांत फार बोकाळली आहे, ती म्हणजे दिवाळी मुळात आपलीच, सम्राट अशोकाने ८४ हजार स्तूपांवर याच अमावस्येला दिवे लावले आणि तोच दीपदान उत्सव पुढे चोरला गेला, असे ठोकून देणे.

या तिसऱ्या पद्धतीवर मला थोडे बोलायचे आहे. बोलल्यावर काही मित्र नाराज होतील, तरी हरकत नाही. मी वकील आहे, मला कागद लागतो. महावंसात ८४ हजार विहारांच्या पूर्ततेचा उत्सव आहे, हे खरे. पण तो उत्सव आजच्या दिवाळीच्या तिथीलाच झाला याचा पुरावा काय, असे मी ज्याला ज्याला विचारले त्याने मला मोबाईल दाखवला. मोबाईलवरचा मजकूर हा पुरावा नव्हे. आपल्यावर अन्याय झाला तो इतरांनी रचलेल्या कथा खऱ्या मानल्यामुळे झाला, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग आपण आपल्याच लेकरांच्या हातात एक नवी कथा देऊन मोकळे कसे होतो?

आणि अशोकाचेच नाव घ्यायचे असेल तर त्याचा दगडावर कोरलेला लेख वाचा. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू शिलालेखात त्याने भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी कोणती बुद्धवचने वारंवार ऐकावीत याची यादी दिली आहे. त्या यादीत भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. मज्झिम निकायात तो सविस्तर आहे. भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी भगवान राहुलाला दाखवतात, मग ते सांडतात, मग भांडे उपडे करतात, आणि जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण असेच रिकामे असते असे समजावतात. थट्टेतही खोटे बोलू नये, असे ते पोराला सांगतात. बापाने मुलाला दिलेला हा उपदेश आहे, आणि सम्राटाला तो साऱ्या संघाने ऐकावा असा वाटला. त्याच सम्राटाच्या नावाने आपण आपल्या राहुलांना विनापुरावा गोष्ट सांगायची, हे मला जमत नाही.

म्हणून मी मुलीला साधे उत्तर दिले. म्हटले, आज समोरच्यांकडे लक्ष्मीची पूजा आहे. आपण बुद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं, आपण देवदेवतांची पूजा करत नाही, तशी प्रतिज्ञाच आहे. त्यांचा सण त्यांना लखलाभ. दिव्याशी आपले भांडण नाही, विहारात आपणही दिवा लावतोच. तिला ते पटले असावे. कारण तिने पुढचाच प्रश्न टाकला, "मग आपला मोठा सण कोणता?"

मी ताठ मानेने सांगितले, "धम्मचक्र प्रवर्तन दिन. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमीच्या दिवशी आपल्याच नागपुरात बाबासाहेबांनी..."

ती मध्येच म्हणाली, "त्या दिवशी तर तुम्ही घरी नव्हते."

उलटतपासणीत पुष्कळ साक्षीदार मी निरुत्तर केले आहेत. त्या संध्याकाळी सात वर्षांच्या पोरीपुढे मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरातला सर्वांत मोठा सण म्हणजे बाप घरात नसण्याचा दिवस. तिच्या आईने त्या दिवशी दोघांना पांढरे कपडे घातले, खीर केली, पंचशील म्हणायला लावले आणि मग धाकट्याला ताप आला म्हणून दवाखान्यात रांग लावली. मी त्या वेळी स्टॉलवर बाहेरगावच्या मुलांना पाण्याचे ग्लास देत होतो. ते काम वाईट नव्हते, कुणी ते हलके समजू नये. पण घरच्या पोराच्या तापाची बातमी मला रात्री अकरा वाजता कळली.

आता या जागी आपल्याकडे हमखास एक युक्तिवाद येतो. रमाईने किती सोसले! चार लेकरे डोळ्यांदेखत गेली, शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला, बाबासाहेब परदेशात असताना त्या माउलीने काबाडकष्ट करून संसार ओढला, मग आपल्या बायकांनी चार दिवस एकटीने घर सांभाळले तर काय बिघडले? मी हा युक्तिवाद भाषणात ऐकला आहे आणि, कबूल करतो, घरात वापरलाही आहे. तो निर्लज्ज आहे. बाबासाहेबांच्या घराबाहेर असण्यातून ग्रंथ निघाले, कायदे निघाले, कोट्यवधी माणसांचे माणूसपण निघाले. आपल्या घराबाहेर असण्यातून पुष्कळदा फ्लेक्सवरचा फोटो निघतो आणि अध्यक्ष कोण, स्वागताध्यक्ष कोण, या वादात रात्रीचे बारा वाजतात. रमाईचा त्याग हे आपल्यावरचे ऋण आहे. तो आपल्या बायकोकडून वसूल करायचा हप्ता नव्हे.

दुसरा युक्तिवाद याहून जुना आहे. "आपल्या बायकाच सुधारत नाहीत." कुणाच्या घरी चोरून उपास होतो, कुणी हळदीकुंकवाला जाते, कुणी मुलाच्या गळ्यात ताईत बांधते, आणि कार्यकर्ते कपाळाला हात लावतात. अरे, पण त्या बाईजवळ बसून बोलला कोण? मुलगा तापाने फणफणला तेव्हा ताईत घेऊन शेजारीण आली होती. तुम्ही कुठे होता?

निदान नागपूरच्या माणसाने तरी बायकांवर हा आरोप करू नये. याच शहरात मोहन पार्कवर २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तेच हे अधिवेशन. बाबासाहेबांनी तिथे बायकांना मुलांच्या शिक्षणाविषयी, लग्नाची घाई न करण्याविषयी सांगितले, आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून राहण्याला नकार द्यावा, असेही सांगितले. त्या परिषदेचे ठराव काढून वाचा. घटस्फोटाचा हक्क मागितला आहे. एकाहून अधिक बायका करण्यावर कायद्याने बंदी मागितली आहे. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा मागितली आहे. १९४२ साली! ज्या बायकांना एक दिवस खाडा केला तर चूल पेटत नव्हती त्यांनी रजा मागितली. माझी आजी बिडी वळायची. लेकरू मांडीवर, सूप पुढ्यात, असे तिचे चित्र माझी आई अजून सांगते. ती मोहन पार्कला गेली होती की नव्हती, हे विचारायचे राहून गेले.

त्याआधीही जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरले आणि याच नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. त्या शाळेत शिकलेल्या कौसल्या बैसंत्री खलाशी लाईनच्या वस्तीतल्या. आईवडील एम्प्रेस मिलचे कामगार. त्यांचे 'दोहरा अभिशाप' हे हिंदी आत्मकथन १९९९ मध्ये आले. मिलच्या भोंग्यावर धावणाऱ्या आईने लेकी शिकवल्या, ही त्यातली खरी गोष्ट आहे. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये बंद पडली, भोंगा थांबला. त्या आईची धावपळ मात्र नाती-पणतींच्या वाट्याला तशीच आली, फक्त आता ती धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये भांडी घासायला जाते किंवा मॉलमध्ये बारा तास उभी असते.

सुट्टीत तिच्या लेकरांचे काय होते? शाळा बंद म्हणजे शाळेतली खिचडी बंद. अंगणवाडी काही तासांची. थोरली पोरगी नऊ वर्षांची असली की ती धाकट्यांची आई होते, आणि दिवाळीनंतर शाळा उघडली की तीच पोरगी वर्गात मागे पडलेली दिसते. माझ्या शेजारच्या गल्लीत अशा तीन पोरी आहेत. त्यातली एक सकाळच्या थंडीत भावाला स्वेटर घालते आणि स्वतः फ्रॉकवर ओढणी गुंडाळून नळावर उभी राहते.

कायद्याचे म्हणाल तर कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते लागू केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या, सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. आकडा ५० चा, आणि धुणीभांडी करणारी बाई मालकिणीच्या घरात एकटी. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून आहे, पण मंडळ पाळणा हलवायला येत नाही. याच तरतुदीत एक गंमत आहे. पाळणाघरातल्या मुलाला दिवसातून चार वेळा भेटण्याची मुभा मालकाने द्यावी, असे कलम आहे. कुणाला द्यावी? आईला. बापाचा उल्लेखच नाही. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावे की हा माणूस येणार नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा अशी त्यांची भूमिका होती. आपण निदान घरातला भार तरी उचलावा.

हे सगळे मी सुट्टी संपता संपता आमच्या विहाराच्या बैठकीत मांडले. विहार दिवसभर कुलूपबंद असतो, संध्याकाळी वंदनेपुरता उघडतो. म्हटले, शाळेच्या सुट्ट्यांत आणि रविवारी तो सकाळी नऊ ते दोन मुलांसाठी उघडू. सांभाळायला बायका नकोत, बाप लागतील. पाळ्या लावू. नाश्ता, गोष्टी, गृहपाठ, आणि मुलांना लघवीला नेणे, नाक पुसणे, हेही. बैठकीत शांतता पसरली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "वकीलसाहेब, हा कार्यक्रम कोणत्या निमित्ताने?" निमित्त काही नाही म्हटल्यावर विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचे ठरत होते. तेवढ्यात मागे बसलेली माझी आई बोलली. १९५६ साली ती आपल्या आईच्या कडेवर दीक्षाभूमीवर होती, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फारसे बोलत नाही. ती म्हणाली, "काऊन जी, पोरं सांभाळाले बी उद्घाटक लागते का?"

सात नावे आली. पहिल्या रविवारी तिघे हजर झाले, मुले एकवीस. अकरापर्यंत ध्वनिक्षेपकाची वायर तुटली होती, एक सतरंजी ओली झाली होती आणि एका रिक्षाचालक बापाने माकडाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला घेतली होती. माझी मुलगी लहानग्यांना रांगेत बसवून केळी वाटत होती. नऊ वर्षांची ती शेजारची पोरगी भावाला आमच्याकडे सोपवून कोपऱ्यात वही उघडून बसली आणि दोन वाजेपर्यंत उठली नाही.

येत्या रविवारी माझी पाळी आहे. त्याच सकाळी ६ डिसेंबरच्या नियोजनाची बैठक ठेवली आहे. मला बैठकीला येता येणार नाही, असे मी निमंत्रकांना कळवले आहे.