‘पहिली स्त्री’ हे नाव नव्हे

काशीत अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर बसून हे लिहिते आहे. अमृतराव पेशवे इंग्रजांचा तनखा घेऊन इथे राहिले आणि १८२४ साली इथेच वारले. घाटाला नाव त्यांचं. घाटाला नाव मिळतं ते खर्च करणाऱ्याचं, पाथरवटाचं नव्हे. समोरच्या होड्यांमधून स्नान करणाऱ्या बायकांवर कॅमेरे रोखलेले आहेत. त्या फोटोंतही बाईला नाव नसणार.

पण कॅमेरा बाईच्या हातात असला, तरी नाव मिळतंच असं नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशॉ यांच्या नावाने. १९७०मध्ये त्यांनी काम थांबवलं. पद्मविभूषण मिळालं २०११मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या.

आता आपण कौतुकाने म्हणतो, ‘देशातली पहिली स्त्री-वृत्तछायाचित्रकार’. माझा आक्षेप या कौतुकालाच आहे. ‘पहिली’ म्हटलं की तिची छायाचित्रं पाहायची गरज उरत नाही. वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे होमाईंनी काढलेले फोटो पाहा. त्यातली तरुणी कुणाची मुलगी किंवा पत्नी म्हणून उभी नाही. माझ्या मते नेहरूंच्या फोटोंहून ते कमी मोलाचे नाहीत. पण त्यांवर आपण किती बोलतो?

घानाच्या फेलिशिया अबान यांचंही तेच झालं. अक्रामध्ये त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. समारंभाला निघण्यापूर्वी त्या नटूनथटून स्वतःचेच फोटो काढत. व्हेनिसच्या बिनालेत ते लागले २०१९मध्ये, बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर. त्यांच्याही नावामागे तीच पाटी: ‘पहिली स्त्री’.

कुणी म्हणेल, ही पाटी नसती तर या दोघी विस्मरणात गेल्या असत्या. मान्य. पण तो परिचयातला पहिला शब्द असावा, शेवटचा नको.

मीही यातून सुटत नाही. एका लेखासोबत मी होमाईंनी काढलेला फोटो दिला आणि खाली लिहिलं, ‘पंडित नेहरू’. जागा नाही, अशी स्वतःची समजूत घातली. दोन शब्दांना जागा नव्हती!

म्हणून मागणी साधी आहे. फोटोखाली आधी तो काढणारीचं नाव छापा, मग तो कुणाचा ते. आणि ‘पहिली’ म्हणायचंच असेल, तर त्याच दमात तिच्या एका तरी छायाचित्राचं वर्णन करून दाखवा. जमलं नाही, तर आपण तिला ओळखत नाही, एवढं तरी कबूल करू.