फौजी ओळखपत्र आणि स्वस्त प्लेस्टेशन
ऑनलाइन जुनं प्लेस्टेशन घेताना पोरगं फसलं की आपण म्हणतो, 'हाव नडली.' मला हे अजिबात पटत नाही. पन्नास हजारांच्या घरातलं नवं ज्याला परवडत नाही, तो जुनं शोधणारच. त्यात हाव कसली? डाव विश्वासावर टाकलेला असतो. 'बदली झालीय, सामान विकतोय' म्हणत लष्करी ओळखपत्राचा फोटो येतो आणि गणवेशावर शंका घेणं आपल्याला पाप वाटतं! मग ॲडव्हान्स, मग डिलिव्हरीचा खर्च, मग 'रिफंड'साठी क्यूआर कोड. अहो, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही! शाळेत आम्ही चक्रवाढ व्याज शिकवतो, हे नाही. कन्सोल समोर टीव्हीला जोडून, ऑनलाइन लॉगिन करून पाहिल्याशिवाय (कंपनीने बंदी घातलेलेही विकले जातात) रुपया देऊ नका. गेलेच पैसे, तर पोराला रागावण्याआधी १९३० ला फोन लावा.