हिरासुद्धा झिजतो!



परवा चौथीच्या वर्गात एका मुलीने फ्रॉकच्या टोकाने चष्मा पुसला. फ्रॉकला मैदानाची माती. भिंगावर चरा उमटला! रडवेली होऊन म्हणाली, "गुरुजी, आई नवा नाही आणणार. ही काच इतकी मऊ कशी?"

अगं, ती काच नाहीच, प्लॅस्टिक आहे. अशी पुष्कळ भिंगं लेथवर चक्क हिऱ्याच्या टूलने कातून काढतात. वर्ग खो-खो हसला.

आपल्या सांगलीकडे किर्लोस्करवाडीला 1910 पासून कारखाना आहे, साताऱ्यात एमआयडीसी आहे. पण पोलाद कातायला हिरा चालत नाही बरं का! हिरा म्हणजे कार्बन. तापलेल्या लोखंडात तो मुरतो नि धार भराभर जाते. प्लॅस्टिकवर टिकतो.

नाजूक कामात टूल दर फेऱ्याला 10 मायक्रॉन सरकतं. त्याचं गोल टोक 1 मिलिमीटर त्रिज्येचं असेल, तर खाचा जेमतेम 12 नॅनोमीटर खोल. तुमचा केस याच्या काही हजार पट जाड! म्हणून भिंग नितळ दिसतं. पण 70 मिलिमीटरच्या एका भिंगावर टूलची वाट किती होते? सुमारे 385 मीटर! अशी भिंगांमागून भिंगं कातली की हिराही झिजतो. ऊसतोडीच्या कोयत्याला पडतो तसा धारेला खांडा पडला, की तोच ओरखडा प्रत्येक फेऱ्यात उमटतो आणि भिंग धुरकट होतं. मग टूल बदलायचं.

त्या मुलीच्या दप्तरात आता मऊ फडकं असतं. आधी पाण्याने धुते, मग पुसते. चरा आहे तसाच आहे. तिला मी पहिल्या बाकावर बसवलंय.