शेतावर जाणारी पेटी

आमच्या भाच्याने यंदा आयटीआयचा फिटर ट्रेड पुरा केला. दोन वर्षे फाईल घासायला आणि मापे घ्यायला शिकला, आता आमच्या दुकानात आहे. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मामू, मला माझी वेगळी पेटी द्या." आम्ही म्हटले, पेटी घे, पण भरायची तूच. त्याने दुकानातले दिसेल ते भरले आणि पेटी मोटारसायकलच्या कॅरिअरवर चढवली. गाडीचे पुढचे चाक उचलले गेले. सगळे हसले, अब्बा तेवढे हसले नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून एवढेच म्हटले, "अर्धी काढ. मग उरलेल्यातली अर्धी काढ."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात मोटार, पंप, ट्रॅक्टर, गाडी दुरुस्तीचे काम आहे, आणि एखादा मुलगा नुकताच त्या कामाला लागला असेल. त्याची पेटी कशी भरावी, याबद्दल या महिन्यात चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

वरूड तालुक्यात मिस्त्रीला दुकानात बसून भागत नाही. इथले काम संत्र्याच्या बागेत आहे. विहिरीवरचा पंप, फवारणीचा एचटीपी, छोटा ट्रॅक्टर हे सगळे शेतात. पंप सोडवून गावात आणायचा म्हणजे ट्रॉली पाहा, माणसे पाहा, आणि दिवस घालवा. म्हणून मिस्त्रीच जरूड, बेनोडा, पुसला, शेंदुरजनाघाट अशा गावांच्या शिवारात जातो. डांबरी रस्ता संपतो, पांदण लागते, पुढे गाडी लावून बांधाबांधाने चालावे लागते. त्या शेवटच्या पायी वाटेवर पेटी हातात असते. पेटी किती जड असावी, हे ती वाट ठरवते.

अब्बा सुरुवातीला संत्र्याच्या लाकडी पेटीतच पाने घालून हिंडायचे. पुढे पत्र्याची हिरवी पेटी आली, ती अजून दुकानात आहे. एकदा आम्ही ती संत्री तोलायच्या काट्यावर ठेवली. 31 किलो भरली. एवढे ओझे त्यांनी वर्षानुवर्षे सायकलवर आणि नंतर लुनावर वाहिले. त्यांनी तक्रार कधी केली नाही, पण साठीच्या आतच त्यांना नमाजसाठी खुर्ची घ्यावी लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळले की पेटीने काय घेतले.

आणि एवढे वाहूनही हवी ती वस्तू पेटीत असेलच असे नव्हते. एक प्रसंग आम्ही विसरलो नाही. एप्रिलचा महिना होता. आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी झाली होती. उन्हाचा तडाखा आणि पाण्याची ओढ एकत्र आली की या दिवसांत फळ गळते, हे इथे लहान पोरालाही माहीत आहे. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. बागवाल्याचा निरोप आला, "मिस्त्रीभाऊ, मोटर फिरते पन पानी धरत नाई." आम्ही अब्बांची तीच पेटी घेऊन गेलो. पंप जुना, कपलिंगचा. पाहिले तर ग्लँडची दोरी झिजून गेली होती, तिथून हवा ओढत होता. काम अर्ध्या तासाचे. पेटीत तीन हातोड्या होत्या, दोन पाईप पाने होते, आणि ग्लँडची दोरी नव्हती. हातभर दोरी, खिशात मावेल एवढी. ती आणायला दुकानात गेलो आणि परत आलो, तोवर वीज गेली. त्या रात्री बाग कोरडी राहिली. बागवाला काही बोलला नाही. चूक आमची होती, आणि त्याने चहा पाजून पाठवले याची लाज जास्त वाटली.

त्यानंतर आम्ही एक वही केली. तीन महिने, प्रत्येक फेरीनंतर दोनच रकाने लिहायचे: आज पेटीतून काय काढले, आणि काय नव्हते म्हणून अडले. वहीने डोळे उघडले. पेटीतल्या वस्तूंपैकी जेमतेम तिसरा हिस्सा पुन्हा पुन्हा बाहेर निघत होता. बाकीच्या नुसत्या फिरायला जात होत्या. आणि ज्यासाठी अडले, त्यात अवजार क्वचितच असे. बहुतेक वेळा दोरी, वॉशर, फ्यूज वायर, क्लिप असली दोन-पाच रुपयांची वस्तू असे. भाच्याला आम्ही हीच वही दिली. दुसऱ्याच्या पेटीची नक्कल करण्यापेक्षा आपली वही तीन महिने लिहावी. ट्रॅक्टरवाल्याची पेटी वेगळी निघेल, बोअरवाल्याची वेगळी.

पान्यांचे वजन सर्वांत जास्त, म्हणून कात्री आधी तिथे लावावी. त्यासाठी नटाच्या मापांचा हिशेब समजून घ्यावा. बोल्टची जाडी तीच असली तरी डोक्याचे माप सगळीकडे सारखे नसते. 6 मिलिमीटरच्या बोल्टचे डोके बहुतेक ठिकाणी 10 चे. पण 8 मिलिमीटरच्या बोल्टला पंपावर 13 चा पाना लागतो, आणि जपानी घडणीच्या मोटारसायकलवर 12 चा. 10 च्या बोल्टला पंपावर किंवा ट्रॅक्टरवर 17, मोटारसायकलवर 14. 12 च्या बोल्टला एकीकडे 19, दुसरीकडे 17. हे एकदा ध्यानात आले की सहापासून बत्तीसपर्यंतची सगळी रांग न्यायची गरज उरत नाही. आमच्या भाच्याच्या पेटीत 8, 10, 12, 13, 14, 17 आणि 19 एवढेच पाने आहेत, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग असलेले. 10, 13 आणि 17 मात्र दोन-दोन आहेत, कारण बोल्टचे डोके एका पान्याने धरून नट दुसऱ्याने फिरवावा लागतो. जुन्या डिझेल इंजिनाला इंची नट भेटतात. तसले काम असेल तर निघण्यापूर्वी फोनवर विचारून तेवढे पाने वेगळे घ्यावेत.

फोनवर विचारणे हासुद्धा पेटी भरण्याचाच भाग आहे. पंप कोणता, किती हॉर्सपॉवरचा, आवाज येतो की येत नाही, शेवटचे काम कधी झाले, पाणी कुठून गळते, एवढे पाच प्रश्न विचारले की पाच किलो कमी होतात. आता तर बागवाला फोटोही पाठवतो.

स्क्रू पाना एक असावा, दहा इंची. 1892 साली स्वीडनच्या योहान पेटर योहानसन यांनी ज्या पान्याचे पेटंट घेतले, त्याचाच हा वारस. अडीनडीला तो दहा पान्यांचे काम करतो, पण त्याला पहिला पाना समजू नये. जबडा किंचित ढिला राहिला की नटाचे कोपरे गोल होतात, मग तो नट छन्नीनेच निघतो. स्क्रू पान्याने ओढतानाही जोर स्थिर जबड्यावर यावा, सरकत्या जबड्यावर नव्हे.

पेचकस दोन पुरे: एक चपटा, एक फुलीचा. मोटारसायकलचे फुलीचे स्क्रू जपानी घडणीचे असतील तर साधा फुलीचा पेचकस त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. तिथे पेचकस दाबून धरावा, मागून हातोडीचा हलका ठोका द्यावा, मगच फिरवावा. पकड एक, लांब नाकाची एक, सर्क्लिप काढायची एक. हातोडी अर्ध्या किलोची एकच. बारा इंची पाईप पाना एक. एलन कीचा गुच्छा, हॅकसॉची दोन पाती आणि छोटी फ्रेम. गोट्या आणि रॅचेट नेले तर फक्त वहीत आलेल्या मापांचे.

आता त्या स्वस्त वस्तूंचा डबा. जुना जेवणाचा डबा चालतो. त्यात 8 मिलिमीटरची ग्लँड दोरी हातभर, टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, फ्यूज वायर, एचटीपीच्या नळीच्या क्लिपा आणि वॉशर, कोटर पिना, नेहमीच्या मापाचे नट-बोल्ट, मोटारसायकलचा एक प्लग, व्हॉल्व्हची पिन, पंक्चरचे सामान. रबरी वस्तू उन्हात ठेवू नयेत. आपल्याकडचा मे महिना वॉशर कडक करतो आणि टेपचा चिकटा वितळवतो.

दोरीचा विषय निघाला म्हणून तिचेही सांगून ठेवतो. दोरीचे गोल वळे कापताना टोके तिरकी कापावीत. एकावर एक वळी बसवताना सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. आणि नट आवळून पाणी पार बंद करू नये. पंप चालू असताना थेंब-थेंब पाणी पडलेच पाहिजे. ते पाणीच शाफ्टला गार ठेवते, नाहीतर दोरी जळते आणि शाफ्टही खाल्ला जातो.

पेटीतली सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र बाजारातून आली नाही. ती अम्मींनी शिवली. जुन्या ताडपत्रीचा जाड तुकडा घेऊन त्यावर प्रत्येक पान्याच्या रुंदीचा एकेक कप्पा शिवला, कप्प्यावर लाल दोऱ्याने आकडा काढला, आणि गुंडाळून बांधायला नाडी लावली. विहिरीच्या काठावर ही गुंडाळी पसरली की पाने मातीत पडत नाहीत आणि शोधावे लागत नाहीत. त्याहून मोठा फायदा कामानंतर कळतो. गुंडाळी बंद करताना रिकामा कप्पा लगेच दिसतो. पत्र्याच्या पेटीत सगळे एकावर एक पडलेले असते, काय राहिले ते पुढच्या शेतात समजते. आणि तिथे अडतो तो दुसरा शेतकरी, ज्याचा काही दोष नसतो. पावसाळ्यात तेवढे करावे की ओली गुंडाळी तशीच बांधून ठेवू नये. वाळवावी, पाने पुसावेत, तेलाचा हात फिरवावा.

विहिरीच्या तोंडाशी काम करताना मोठ्या पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवावी. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक लांब सुतळीला बांधून पेटीत ठेवावे. पडलेला लोखंडी नट बऱ्याचदा वर येतो. पितळेचा येत नाही, म्हणून पितळेचे सुटे भाग काढताना खाली गोणपाट पसरावे.

एका बाबतीत मात्र वजन वाचवू नये. चांगला मल्टिमीटर आणि रबरी हातमोजे न्यावेतच. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालू नये. पायाखाली कोरडे लाकूड किंवा जाड रबर असेल तर दिवा मंद लागतो, भर उन्हात दिसतही नाही. दोन फेजमध्ये 415 व्होल्टचा दाब असतो, तो दुसरी संधी देत नाही. आधी जिथे वीज आहे हे माहीत आहे तिथे मीटर तपासावा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा पहिल्या जागी. मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढावेत आणि स्वतःच्या खिशात ठेवावेत, खोलीतल्या फळीवर नव्हे. रात्रीच्या पाळीत कुणीतरी सद्भावनेने स्विच चढवतो आणि अनर्थ होतो. स्टार्टरच्या पुढचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. ते काम त्याला सांगण्यात मिस्त्रीचा कमीपणा नाही. एचटीपीची नळी सोडण्यापूर्वीही इंजिन बंद करून दाब सोडावा.

खरेदीबद्दल थोडेसे. शंभर नगांचा चकचकीत संच पाहून मुले भुलतात. त्यातल्या बऱ्याच गोट्या जन्मात लागत नाहीत आणि रोजचा 10 चा पाना सहा महिन्यांत फाकतो. आपल्या देशात नाशिकची टपारिया आहे, जालंधरला हातअवजारांची मोठी कारखानदारी आहे. तेव्हा सुटे घ्यावे, चांगले घ्यावे, दर महिन्याला एक-दोन घ्यावे. जे वहीत सर्वांत जास्त वेळा आले, ते सर्वांत आधी.

भाच्याची पेटी आता साडेनऊ किलोची आहे. कापडी पिशव्या मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना समान वजनाने बसतात, हँडलला काही टांगलेले नसते. मागच्या आठवड्यात तो संध्याकाळी घरी आला, अंगणात गुंडाळी पसरली, आणि 13 चा एक कप्पा रिकामा दिसला. सकाळी पुसल्याकडे जायचे होतेच, वाटेत घेईन म्हणाला. अब्बांनी विचारले, "रात्री त्या बागेत ट्रॅक्टर फिरणार आहे का?" भाचा गप्प झाला. पाना ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली ठेवल्याचे त्याला आठवले. पंख्यात गेला असता तर रेडिएटर फुटला असता. त्याने आधी फोन करून ट्रॅक्टर थांबवायला सांगितले, मग गाडी काढली. तासाभराने पाना घेऊन आला, कप्प्यात घातला, नाडी बांधली आणि जेवायला बसला.

लोक आपले यंत्र आपल्या हातात देतात, ती अमानतच असते. ती जशीच्या तशी परत करायची तर आधी आपले पाने मोजता आले पाहिजेत. म्हणून घरात कुणी मिस्त्री असेल तर त्याची पेटी आज अंगणात रिकामी करून पाहा. मुलांनाही बोलवा, त्यांना मोजायला फार आवडते. काय काढले आणि काय घातले, ते आम्हाला जरूर लिहा.