पिना तेवढ्याच, नियत वेगळी

'याच्यात आता काही होणार नाही, पूर्ण सेटच बदला.' माझ्या भाच्याच्या २०१७ सालच्या पीसीचं हे निदान एका दुकानदाराने या आठवड्यात कॅबिनेट न उघडताच केलं. वर कोटेशनही दिलं, रंगीबेरंगी दिव्यांच्या पंख्यांसकट. पंख्यांवर पुन्हा लिहिणार नाही असं मागे कबूल केलं होतं, पण त्या दिव्यांनी आजवर कुठल्याच गेममध्ये एक फ्रेमही वाढलेली नाही, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

भाच्याकडे रायझन ५ १६०० आणि बी३५० मदरबोर्ड आहे. एएमडीने २०२२ मध्ये या जुन्या बोर्डांनाही रायझन ५००० मालिकेची दारं उघडली. बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसवला की कोअर सहाच राहतात, पण एल३ कॅश १६ एमबीची ३२ होते आणि एकेक कोअर कितीतरी चपळ होतो. दोन्ही चिपा ६५ वॉटच्या, त्यामुळे पॉवर सप्लायला हात लावायला नको. रॅमही तीच चालते, आणि सध्याचे रॅमचे भाव पाहता हे थोडंथोडकं नाही.

आता २०१७ मध्येच जास्त पैसे मोजून कोअर आय७ ७७००के घेणाऱ्यांचं पाहा. जानेवारी २०१७ मध्ये आलेली ही चिप तेव्हा गेममध्ये १६०० च्या पुढे होती, यात वाद नाही. पण ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा कोअरचा ८७००के आणला. सॉकेट एलजीए ११५१ च, पिनाही तेवढ्याच, तरी अट अशी की बोर्ड नवा हवा. कारण दिलं वीजपुरवठ्याचं. पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून त्या पिढीच्या चिपा जुन्या बोर्डांवर चालवून दाखवल्या. बोर्ड खपावेत म्हणूनच ही अट होती, असा माझा जुना संशय आहे. पुरावा मागू नका.

विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ च्या यादीत १६०० नाही आणि ७७००के सुद्धा नाही. पहिल्याची सुटका एका चिपेत होते. दुसऱ्याला चिपेसोबत बोर्डही नवा घ्यावा लागतो. शर्यत जिंकलेला ७७००के त्या बोर्डावरचा शेवटचा मुक्काम ठरला.

एएमडीलाही संत समजू नका. २०२० मध्ये बी४५० वाल्यांना वाऱ्यावर सोडायचा बेत त्यांनीही आखला होता. ग्राहकांनी गदारोळ केला तेव्हा मागे घेतला.

खर्च करण्याआधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर बहुधा प्रोसेसरच दमलाय. भरघोस वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, चिपेवर पैसे घालवू नका. चिप घ्यायची ठरलीच, तर बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या यादीत ती आहे ना, ते तपासा. बायोस जुनी चिप जागेवर असतानाच अपडेट करा; ती काढून बसलात तर नव्या चिपेवर मशीन सुरूच होणार नाही. आणि 'पूर्ण सेट बदला' म्हणणाऱ्याला आधी तुमच्या मदरबोर्डचं मॉडेल विचारा. त्याला ते सांगता आलं नाही, तर दुकान बदला.